एमबीएला वयाची अट नाही. मग घरी का आहे?

(या भागाचं शब्दांकन. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)

मी वाशिम जिल्ह्यातली, रिसोड तालुक्यातली. अमरावतीला बी.टेक. केलं, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय २८. वय मुद्दाम सांगितलं, कारण आज वयाबद्दलच बोलायचंय.

एमबीएबद्दल तुमचे बरेच मेसेज साचले होते. परवा बसून सगळे वाचले, तर एक गोष्ट लक्षात आली. मुलं विचारतात, "ताई, पर्सेंटाइल किती लागतं? दोन वर्षांचा अनुभव पुरेल का? प्लेसमेंट किती?" आणि मुली विचारतात, "ताई, मी २५ ची आहे, उशीर झाला का?" एकीने तर लिहिलंय, "२४ पूर्ण झाले, आता घरचे ऐकतील असं वाटत नाही." विषय एकच, एमबीएचा प्रवेश. पण मुलांचा प्रश्न कॉलेजसाठी आहे आणि मुलींचा घरासाठी.

म्हणून आज दोन गोष्टी एकत्र घेऊ. प्रवेश देताना संस्था वय कसं बघतात, आणि मुलगा-मुलगी हा फरक कसा बघतात. लोक यावर वेगवेगळं बोलतात. मला वाटतं मुलींच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे करताच येत नाहीत. का, ते सांगते.

आधी नियम

आपल्याकडे स्पर्धा परीक्षांची सवय आहे. एमपीएससी, पोलीस भरती, बँक, सगळीकडे वयोमर्यादा. त्यामुळे एमबीएलाही ती असणार असं आपण धरूनच चालतो. तर स्पष्ट सांगते: कॅट परीक्षेला कमाल वयाची अट नाही. पदवीला ५०% गुण हवेत, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५%. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तरी चालतं. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीलाही कमाल वय नाही. तुम्ही २१ चे असा, ३१ चे असा, फॉर्म तोच आणि पेपरही तोच.

उलट एका ठिकाणी किमान वयाची अट आहे. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स नावाचा एक वर्षाचा कोर्स आहे. त्याला किमान २५ वर्षं वय आणि पदवीनंतर किमान ४ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. म्हणजे आपल्याकडे २५ व्या वर्षी मुलीला "आता कायले शिकतं वो?" म्हणतात, आणि तिकडे २५ च्या आत असाल तर फॉर्मच भरू देत नाहीत!

बाहेर देशात तर एमबीए हा नोकरी करून आलेल्यांचाच कोर्स समजतात. हार्वर्डसारख्या ठिकाणी वर्गाचं सरासरी वय २७ च्या आसपास असतं. आपल्या आयआयएमच्या दोन वर्षांच्या कोर्सला मात्र बहुतेक मुलं २१ ते २५ या वयातली असतात. त्यामुळे "एमबीएचं वय" म्हणून आपल्या डोक्यात जे बसलंय ते आपल्याकडच्या सवयीतून आलंय. कायद्यात ते कुठेच नाही.

वय विचारत नाहीत, पण मोजतात

आता खरी गंमत. फॉर्ममध्ये जन्मतारखेला गुण नाहीत. पण अनुभवाला आहेत. आणि अनुभव म्हणजे काय? पदवीनंतर तुमची वर्षं कशी गेली, त्याचा हिशेब. म्हणजे वय दुसऱ्या दाराने आत येतंच.

आयआयएम फक्त कॅटच्या गुणांवर मुलाखतीला बोलावत नाहीत. एक एकत्रित गुणांक काढतात. त्यात कॅट, दहावी, बारावी, पदवी, कामाचा अनुभव, आणि बऱ्याच ठिकाणी "विविधता" म्हणून काही गुण. विविधता दोन प्रकारची: इंजिनिअरिंगशिवाय दुसऱ्या शाखेतून आलेल्यांना, आणि मुलींना. काही ठिकाणी तृतीयपंथी उमेदवारांनाही. कुठे किती, ते संस्थेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतं. म्हणून त्या वर्षीचं प्रवेश धोरण संबंधित आयआयएमच्या वेबसाइटवरून स्वतः वाचा. यूट्यूबवर कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका, मी सांगितलं म्हणूनसुद्धा नाही.

अनुभवाच्या गुणांना साधारण एक छत असतं. आयआयएम बंगळुरूच्या सूत्रात ते ३६ महिन्यांवर राहिलंय. तिथपर्यंत गुण चढत जातात, मग थांबतात. म्हणजे ३ वर्षं नोकरी केलेल्याला आणि ६ वर्षं केलेल्याला सारखेच गुण.

"मुलींना फुकटचे गुण" हे कितपत खरं?

हा वाद व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी होतो. शेवटी कुणीतरी ग्रुप सोडतं. आपण शांतपणे आकडे बघू.

कॅट २०२३ ला साधारण २ लाख ८८ हजार जण बसले. त्यात मुली ३६%. १०० पर्सेंटाइल मिळवणारे १४ जण होते आणि ते सगळे पुरुष. कॅट २०२४ ला साधारण २ लाख ९३ हजार बसले, मुली ३७%. १०० पर्सेंटाइल पुन्हा १४ जणांना, त्यात मुलगी १. आणि त्या १४ पैकी १३ इंजिनिअर.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. कॅटमध्ये गणित आणि डेटाचे प्रश्न भरपूर असतात, त्यामुळे इंजिनिअरला ती परीक्षा ओळखीची वाटते. मी इंजिनिअर आहे, मला माहितीये. आणि इंजिनिअरिंगमध्ये मुली आधीच कमी. आयआयटीमध्ये तर इतक्या कमी की २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा काढाव्या लागल्या. अधिसंख्य म्हणजे मुलांच्या जागा न काढता वर वाढवलेल्या. त्या वर्षी लक्ष्य १४% होतं, २०२० पर्यंत २०%. विचार करा, २०% गाठायला खास योजना लागली! आता इतक्या अरुंद वाटेने जे पुढे येतात त्यांतूनच एमबीएचा वर्ग भरायचा म्हटला, तर तो वर्ग कसा दिसेल?

आयआयएम कोझिकोडने हे बदलून दाखवलं. २०१३ च्या तुकडीत तिथे मुली ५४% होत्या. त्या आधी आयआयएमच्या वर्गात मुली निम्म्याहून जास्त असतील यावर कुणाचा विश्वास बसला नसता. पुढे २०१९ ला त्यांनी मुलींसाठी ६० अधिसंख्य जागा दिल्या. आणि हे फक्त भलेपणातून होतं असंही नाही. कंपन्यांनाही वरच्या पदांवर बायका हव्या आहेत. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असावीच लागते. संचालक काही झाडाला लागत नाहीत, वीस-पंचवीस वर्षं आधी त्यांना कुठल्यातरी वर्गात बसावं लागतं.

एवढं सांगूनही मुलांची तक्रार मी उडवून लावणार नाही. ज्याचा कॉल अर्ध्या गुणाने हुकला, त्याला हे सगळं ऐकून बरं वाटणार नाही. त्याच्याकडे आपण येऊच. पण त्याआधी एक हिशेब.

एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं

समजा एका संस्थेत मुलींना ३ गुण जादा आहेत. आणि अनुभवाला ३६ महिन्यांपर्यंत जास्तीत जास्त ५ गुण. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

एकाच कॉलेजातून बी.कॉम. झालेले दोघं घेऊ. एक मुलगा, एक मुलगी. दहावी, बारावी, पदवी, कॅट, सगळं सारखं. पदवीनंतर मुलगा पुण्याला गेला, दोन वर्षं नोकरी केली. २४ महिने. त्याला अनुभवाचे मिळाले ५ गुणिले २४ भागिले ३६, म्हणजे ३.३३.

मुलगी? तिला घरच्यांनी सांगितलं, "स्थळं बघणं चालू आहे, आता कुठं जातेस बाहेरगावी?" ती दोन वर्षं घरी होती. घरी म्हणजे काय रिकामी नव्हती. सकाळी आजीचं औषधपाणी, दुपारी बाबांच्या कृषी केंद्रात बसून बियाण्याचा आणि खताचा स्टॉक लिहायचा, उधारीची वही सांभाळायची, संध्याकाळी पाचवी ते आठवीच्या शिकवण्या. सोयाबीनच्या पेरणीच्या दिवसांत त्या दुकानात बसून दाखवा म्हणावं कुणीही! ग्राहक, उधारी, स्टॉक, वसुली, एमबीएच्या पहिल्या वर्षात हेच इंग्रजीत शिकवतात. पण तिच्याकडे सॅलरी स्लिप नाही, फॉर्म १६ नाही. फॉर्ममध्ये अनुभव शून्य. मुलगी म्हणून मिळाले ३.

मुलगा ३.३३. मुलगी ३.

म्हणजे ती ०.३३ ने मागेच आहे. आणि बाहेर सगळे म्हणतायत, "मुलींना फुकटचे गुण!" ज्या कारणासाठी तिला ते ३ गुण दिले, त्याच कारणाने तिचे ३.३३ आधीच गेलेत. संस्थेला मुलगी दिसते, पण मुलगी असल्यामुळे गेलेली दोन वर्षं दिसत नाहीत. तीच मुलगी दोन वर्षं नोकरी करू शकली असती तर तिचे ६.३३ झाले असते. मग मुलगा म्हणाला असता "हे जास्त होतंय", आणि तेव्हा त्या बोलण्यात थोडा तरी दम असता.

म्हणून मी म्हणते की मुलींच्या बाबतीत वय आणि लिंग हे दोन मुद्दे नाहीतच. मुलाचं वय नोकरीच्या महिन्यांत मोजलं जातं, मुलीचं लग्नाला उरलेल्या महिन्यांत. मग दोघांना एकाच फॉर्मवर उभं करतात.

आता मुलांकडे

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचं वय कुठे जातं? अभ्यासिकेत. वाशिम घ्या, कारंजा घ्या, मंगरूळपीर घ्या, अमरावती आणि पुणे तर विचारूच नका. चार वर्षं एमपीएससी, मध्ये एकदा पोलीस भरती, एकदा तलाठी, जाहिरात पुढे ढकलली, निकाल कोर्टात अडकला. २२ चा मुलगा २७ चा होतो. मग तो मेसेज करतो, "ताई, आता एमबीए केलं तर चालेल का? गॅप पाच वर्षांचा आहे."

दुसरा मुलगा असतो घरातला मोठा. वडलांना बरं नाही, दोन एकर कोरडवाहू, धाकट्या बहिणीचं शिक्षण. तो २१ व्या वर्षी मिळेल त्या नोकरीला लागतो. त्याला एमबीएचा विचार करायला फुरसत मिळते तेव्हा तो २९ चा असतो. त्याच्या ८ वर्षांपैकी ३ वर्षांचेच गुण मिळतात, बाकीची ५ वाया. पुन्हा दहावी-बारावीच्या टक्क्यांनाही गुण आहेत. तेव्हा तो गावच्या शाळेत होता आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवत होता.

म्हणजे अर्ध्या गुणाने हुकलेल्या मुलाने रागवायचं कुणावर? शेजारच्या बाकावरच्या मुलीवर? दोघांचं नुकसान एकाच जागी होतंय. तो फॉर्म धरून चालतो की प्रत्येकाची २१ ते २५ ही वर्षं फक्त स्वतःच्या करिअरसाठी असतात. शहरातल्या, सुस्थितीतल्या घरात ती असतातही. वाशिममध्ये ती घराची असतात. मुलाची कमाईसाठी, मुलीची लग्नासाठी.

फरक इतकाच की मुलगा २९ व्या वर्षी "एमबीए करतो" म्हणाला तर लोक म्हणतात, "जिद्दी आहे पोरगा." मी २८ व्या वर्षी म्हटलं तर माझी मोठी आत्या फोनवर म्हणाली, "बापा, आता कायचं कॉलेज पोरी? दोन वर्षांनी तीस लागते." आत्याचं गणित बरोबर होतं. एमबीए नाही केलं तरी दोन वर्षांनी मला तीस लागणारच आहे, हे मी तिला सांगितलं. ती हसली, पण पटलं नाही. आत्या वाईट नाही हो. तिला बारावीनंतर पुढे शिकायचं होतं, हे तिनेच मला एकदा सांगितलंय.

घरात बोलायचं कसं

आपण घरच्यांशी बोलताना स्वप्नांची भाषा बोलतो. घरचे पैशाची आणि सुरक्षिततेची भाषा बोलतात. मग भांडण होतं. म्हणून त्यांच्याच भाषेत बोला.

पहिली गोष्ट, फी. ८ जुलै २०२४ चा राज्य सरकारचा शासन निर्णय आहे. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक वार्षिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १००% माफ. २०२४-२५ पासून लागू. आधी ही सवलत ५०% होती. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. वसतिगृह आणि मेसचा खर्च यात येत नाही, तो वेगळा धरा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, जे लागू असेल ते तहसीलमधून आताच काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्रावर रांग किती असते ते तुम्हाला माहितीये.

दुसरी गोष्ट, कर्ज. मुलीच्या कर्जाबद्दल घरात एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही: "लग्न झाल्यावर हप्ते कोण भरणार?" तो तुम्हीच काढा. हप्ता किती, पगार किती धरलाय, किती वर्षांत फिटेल, कागदावर लिहून दाखवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यात निवडक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना ३% व्याज सवलत आहे. म्हणजे बाबांचा सातबारा बँकेत ठेवायची वेळ येईलच असं नाही. हे वाक्य घरात बोला, चेहरे बदलतात.

तिसरी गोष्ट, परीक्षेचा दिवस. कॅट सहसा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, तीन सत्रांत. शेवटचं सत्र संध्याकाळी साडेसहाला सुटतं. शहरांचा पसंतीक्रम देता येतो, पण सत्र आपल्याला निवडता येत नाही. थंडीचे दिवस, अंधार पडलेला, परगाव, मुलगी एकटी. या एका कारणावरून "जाऊ दे, नको" झालेल्या मुली मला माहितीयेत. तयारी वर्षभराची आणि अडलं कुठे, तर परतीच्या एसटीवर. तर मुक्कामाची सोय आधीच ठरवा. एखाद्या मैत्रिणीसोबत जा. आणि भावांनो, तुम्ही ऐकत असाल तर बहिणीबरोबर जा. ट्रीप समजा.

तुमच्यासाठी कुठलं दार?

नुकती पदवी झालीये, गॅप नाही, गुण चांगले आहेत: कॅट द्या, बरोबर सीईटीही द्या.

गॅप आहे, दहावी-बारावीचे गुण बेताचे आहेत, फी परवडत नाही: सीईटीवर जोर द्या. २०० प्रश्न, २०० गुण, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यात ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे, २५ ॲबस्ट्रॅक्टचे, ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. कॅप राउंडमधली गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते, मुलाखत नाही. "मधली तीन वर्षं काय केलं?" हे तिथे कुणी विचारत नाही. मुंबईची जमनालाल बजाज ही १९६५ ची नामांकित संस्था, तीही याच प्रक्रियेतून मिळते. वाशिमच्या मुलीला वयाचा आणि गॅपचा फटका सर्वांत कमी बसतो तो इथे. फक्त एक काळजी घ्या. मिळालं म्हणून कुठलंही कॉलेज घेऊ नका. मागच्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर शोधा आणि विचारा, नोकरी कुठे लागली, खरा पगार किती. ब्रोशरमधला "सर्वोच्च पगार" एकाच मुलाचा असतो.

चार-पाच वर्षांच्या वर अनुभव आहे, वय २६ ते ३५: एक वर्षाचे कोर्स बघा. अहमदाबादचा सांगितलाच. हैदराबादची आयएसबी आहे. इथे जीमॅट किंवा जीआरई लागते. फी जड आहे, पण इथे तुमचं वय अडचण नसून पात्रता आहे.

लग्न झालंय, मूल लहान आहे, गाव सोडता येत नाही: यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू. प्लेसमेंटची अपेक्षा ठेवू नका. पण नोकरीत बढतीसाठी किंवा पुन्हा कामाला लागण्यासाठी उपयोग होतो. टाटा समूहाने २००८ मध्ये मध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी "सेकंड करिअर" नावाची इंटर्नशिप सुरू केली होती. आता बऱ्याच कंपन्यांत अशा योजना आहेत, त्या शोधा.

गॅपबद्दल विचारलं तर

आयआयएमच्या मुलाखतीत गॅपबद्दल विचारतातच. तेव्हा माफी मागितल्यासारखं बोलू नका. केलेलं काम आकड्यांत सांगा. "मी घरीच होते" याऐवजी "मी वडलांच्या कृषी केंद्राचा स्टॉक आणि उधारी सांभाळली, हंगामात इतके ग्राहक, इतक्या रुपयांची उधारी, त्यातली इतकी वसूल केली." एमपीएससीवाल्यांनीही तसंच. पूर्वपरीक्षा पास झालात का, मुख्यला बसलात का, किती गुणांनी गेलं, आणि आता हा रस्ता का. दुकान घरचं असेल तर जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी, बँकेचं स्टेटमेंट, जे कागद आहेत ते काढून ठेवा. आणि खोटं अनुभव प्रमाणपत्र कुणी दोन-चार हजारांत देतो म्हणाला तर हात जोडा. पडताळणी होते, आणि झालेला प्रवेश जातो.

मुलींना अजूनही कधी कधी विचारतात, "लग्नाचा काय विचार?" माझ्या एका मैत्रिणीला एका नामांकित ठिकाणी विचारलं होतं. तिच्या आधी आत गेलेल्या मुलाला नाही विचारलं. ती म्हणाली, "सर, दोन वर्षांचा कोर्स पूर्ण करण्याची माझी तयारी आहे, त्याबद्दल शंका असेल तर मी उत्तर देते." एवढंच. आवाज न चढवता. तिचा प्रवेश झाला.

हे काही नवीन नाही

"शिकायचं वय गेलं" हे वाक्य आपल्या महाराष्ट्रात फार जुनं आहे. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे शिकायला आलेली गोदूबाई नावाची बालविधवा तेवीस-चोवीस वर्षांची होती. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले तर १९१८ मध्ये, पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. तेव्हा हार्वर्डच्या दोन वर्षांच्या एमबीएला बायकांना प्रवेशच नव्हता. तो १९६३ मध्ये मिळाला, पहिल्या वर्षी ८ जणींना. म्हणजे या बाबतीत जग आपल्यापुढे फार होतं असंही नाही.

त्या दोघींच्या मानाने आपलं काम सोपं आहे. पण ते संस्थांनीही थोडं सोपं करायला हवं. माझं म्हणणं साधं आहे. मुलींना जादा गुण द्या, ठीक. पण अनुभवाच्या रकान्यात घरचं दुकान, शेती, घरातल्या आजारी माणसाची देखभाल याला जागा द्या, पुरावा मागा, आणि तो मुलगा-मुलगी दोघांकडून स्वीकारा. मग वाशिमचा थोरला भाऊ आणि वाशिमची घरी बसवलेली बहीण, दोघांचीही वर्षं मोजली जातील. विविधता म्हणजे वर्गात किती मुली दिसतात एवढंच नाही. त्या कुठून आणि कशा आल्या, तेही बघायला हवं.

माझं विचाराल तर मी या वर्षी जीमॅटची तयारी करतेय. रोज ऑफिसनंतर दीड तास. काय होतं ते सांगेनच. आत्याला अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे रिसोडचं कुणी ऐकत असाल तर कृपया गप्प बसा!

कॅटचे फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरून घेतात, सीईटीचे त्यानंतर काही महिन्यांनी. तारखा अधिकृत वेबसाइटवरच बघा. पुढच्या भागात शैक्षणिक कर्जाचा हप्ता कसा काढायचा ते कागदावर करून बघू. तुमचे आकडे पाठवा, नाव न घेता त्यावरच बोलू. आणि ज्या मुलीने "२४ पूर्ण झाले" असं लिहिलंय तिला: तुझ्या वयाच्या आणि तुझ्याहून मोठ्या मुलींनी वर्ग भरलेले आहेत. फॉर्म भर. काही अडलं तर मेसेज कर, मी उत्तर देते.

भेटू. काळजी घ्या.